चौऱ्याऐंशी किलोंचा भरवसा

वजन सहा किलोंनी उतरेपर्यंत आपण अर्धपोटी राहायचं, असं काटेवाल्यांनी ठरवलं, इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. असं ते वर्षातून दोनदा ठरवत आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बेकरीवरून घरी येताना, ते आपोआप मोडत असे. या वेळी बिघडलं ते त्यांच्या बायकोनं ‘मग मीही अर्धंच जेवणार’ असं म्हटल्यामुळे.

“अगं, तुला कशाला?” काटेवाले म्हणाले. “तू आधीच काडीपैलवान. तुझं आहे काय कमी करायला?”

“ते मला ठाऊक नाही. तुम्ही अठ्ठ्याहत्तर किलो होईपर्यंत मी पोटभर जेवणार नाही. बस्स.”

इथं काटेवाले अडकले. स्वतःला फसवणं त्यांना छान जमायचं (बहुतेकांना जमतं), पण समोरचं माणूस उपाशी आणि आपण जेवतोय, हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं. एखाद्या लहान मुलानं त्यांच्या हातातल्या बिस्किटाकडे नुसतं पाहिलं तरी ते बिस्कीट मुलाच्या तोंडात जायचं. बाईंनी सत्तावीस वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट बरोबर हेरून ठेवली होती.

या सगळ्याच्या मुळाशी होते डॉक्टर. दोन जिने चढून घरी आलं की काटेवाल्यांच्या छातीत धडधडायचं, म्हणून बाई त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या.

“वजन किती?” डॉक्टरांनी विचारलं.

“चौऱ्याऐंशी.”

“उभे राहा बघू काट्यावर.”

काटेवाले उभे राहिले. सुई शहाऐंशीवर जाऊन थांबली. डॉक्टर काही बोलायच्या आत काटेवाले खाली उतरले, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, काटा उलटा केला, पोटातला एक स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि पुन्हा वर उभे राहिले. सुई चौऱ्याऐंशीवर.

“दोन किलो पुढे पळत होता तुमचा,” ते म्हणाले. “पैसे नकोत.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “हे बघा, चौऱ्याऐंशी तर चौऱ्याऐंशी. दोन महिन्यांत अठ्ठ्याहत्तर होऊन या. नाहीतर मी गोळ्या सुरू करीन आणि त्या जन्मभर सुटायच्या नाहीत. हृदय म्हणजे काटा नव्हे, स्क्रू पिळला की जागेवर यायला.”

घरी आल्यावर वर सांगितलेलं बोलणं झालं.

आता काटेवाल्यांच्या धंद्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते वजनकाटे दुरुस्त करत. ज्या घरात राहत त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान. दुकानदारांच्या टेबलावरचे छोटे काटे तपासायला पितळी वजनांची एक पेटी होती. पण गोदामातले, पार्सल ऑफिसातले, भंगाराच्या अड्ड्यावरचे जमिनीवर बसवलेले मोठे काटे तपासायचे तर वीस-वीस किलोंची चार लोखंडी वजनं आणि दोन-दोन किलोंची दोन, एवढा लवाजमा हातगाडीवर घालून न्यावा लागे. मग एके वर्षी त्यांची पाठ धरली. त्या दिवशी त्यांनी सहज स्वतःला तोलून पाहिलं, तर बरोबर चौऱ्याऐंशी! म्हणजे लोखंडाइतकंच, तेही चालतं-बोलतं, हातगाडीशिवाय. तेव्हापासून लोखंडी वजनं दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडली आणि काटेवाले स्वतःच वजन झाले. कोणताही मोठा काटा दुरुस्त झाला की ते त्यावर उभे राहायचे. सुई चौऱ्याऐंशीवर आली तर काटा खरा. नाही आली तर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा.

वर्षातून एकदा ते लोखंडाशी स्वतःला ताडून बघत आणि दर वर्षी दोन्ही बाजू सारख्याच भरत. बाजारात त्यांना याचा मान होता. ‘नोट खोटी निघेल, काटेवाले खोटे निघायचे नाहीत,’ असं लोक म्हणत. दुकानातला स्वतःचा मोठा काटा तर ते रोज तपासत. सकाळी शटर वर करायचं, काट्यावर उभं राहायचं, सुई इकडेतिकडे असेल तर जागेवर आणायची आणि मग चहा. दुसरी माणसं सकाळी उठून आरशात बघतात तसंच हे. त्यात डोकं वापरावं लागत नसे, आणि (इथंच घोडं पेंड खातं) ते कधी वापरलंही जात नसे.

तर, अर्ध्या पोटाचा संसार सुरू झाला. सकाळी एक अंडं आणि पावाचा एक तुकडा, दुपारी सूप, रात्री उकडलेली भाजी आणि हवी तेवढी काकडी. काकडी म्हणजे चावायचं पाणी, हे काटेवाल्यांना दुसऱ्याच दिवशी कळून चुकलं. प्रत्येक घास चाळीस वेळा चावा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काटेवाले धंद्यानं मोजणारे. ते इमानानं मोजत. पण सूप चाळीस वेळा कसं चावायचं, हे विचारायचं राहून गेलं होतं. चौथ्या दिवशी त्यांच्या पोटात कावळे असे काही कोकलायला लागले की पार्सल ऑफिसातल्या कारकूनबाईंनी उठून खिडकी लावून घेतली.

आणि समोर ही! आपल्या ताटलीतलं अर्धं अंडं ते हळूच बाईंच्या ताटलीत सरकवत. बाई ते परत सरकवत. अंडं टेबलावर तीन-चार फेऱ्या मारी आणि शेवटी थंड होऊन काटेवाल्यांच्याच वाट्याला येई.

“तुझे गाल बसले गं,” ते म्हणत.

“काही बसले नाहीत. चाळीस मोजा.”

दुपारी चारला बाई पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणमावशींकडे काज-बटणं करायला बसत. पूर्वी आठवड्यातून एखाद्या वेळी जात, आता रोज जायला लागल्या. भूक विसरायला बिचारी हात कामात गुंतवते, हे काटेवाल्यांच्या लक्षात आलं, आणि दुकानात एकट्यानं बसून त्यांना भरून आलं. आपल्या छातीची धडधड, आपलं पोट, आपली बेकरी. आणि शिक्षा हिला.

दर रविवारी संध्याकाळी दुकानात वजन करायचं ठरलं होतं. पहिल्या रविवारी दोघं मोठ्या उत्साहानं खाली आले. काटेवाले चपला काढून काट्यावर चढले. सुई थरथरली आणि थांबली.

“चौऱ्याऐंशी,” बाईंनी वाचलं.

“पहिल्या आठवड्यात नुसतं पाणी हलतं,” काटेवाले म्हणाले.

दुसऱ्या रविवारी चौऱ्याऐंशी. तिसऱ्या रविवारीही तेच.

“अहो, असं कसं? पँट तर सैल झालीय तुमची.”

“धुऊन धुऊन कापड ताणलंय.”

“आणि पट्ट्याला नवीन भोक पाडलंत ते?”

“जुनं चामडं आहे. ओढ खातं.” काटेवाले जरा रागावलेच. “पँटनं वजन कळत असतं तर माझ्याकडे कोण आलं असतं? काटा सांगतो ते खरं.”

मनातून मात्र ते खचले होते. याचं कारण त्यांना ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. पार्सल ऑफिसात एकदा बिस्किटांचं खोकं फुटलं होतं आणि त्यातली दोन मोडकी बिस्किटं त्यांनी उभ्याउभ्या खाल्ली होती. भंगारवाल्याकडे एकदा अर्धं केळं. तेवढ्यानंच सगळं धुऊन गेलं, अशी त्यांची खात्री पटली. बायको तिकडे उपाशीपोटी बटणं लावतेय आणि हा गडी इकडे बिस्किटं हाणतोय! त्या रात्री त्यांनी काकडीसुद्धा अर्धीच खाल्ली.

सकाळचा नेम मात्र चालूच होता. शटर वर, काट्यावर उभं, सुई केसभर मागे, स्क्रू किंचित पुढे, चहा (बिनसाखरेचा). ‘रात्रीच्या गारव्यानं स्प्रिंग आखडते,’ असं ते स्वतःशी पुटपुटत. रोज आखडते तर मग दिवसा सुटते कधी, हा प्रश्न भरल्या पोटी त्यांना नक्की पडला असता.

सातव्या आठवड्यात भंगारवाला दुकानात आला. दांडगा, मोठ्या आवाजाचा, पण काटेवाल्यांपुढे नरम.

“काका, एक विचारू? रागावू नका. माझ्याकडे माल शंभर भरतो, तोच पुढे कारखान्यात त्र्याण्णव भरतो. लोखंड वाटेत वाळतं का हो?”

“मी गेल्याच आठवड्यात तुझा काटा लावून दिलाय. मी स्वतः उभा राहिलो होतो त्यावर.”

“ते मी बघितलं ना डोळ्यांनी.”

“मग कारखान्याला त्यांचा काटा बघून घ्या म्हणावं.”

“तेच म्हटलं मी. काका कसे चुकतील?” भंगारवाला निघाला, पण दारात थांबून त्यानं काटेवाल्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “बाकी तब्येत बरी आहे ना? जरा वाळल्यासारखे दिसता.”

“उजेड कमी आहे इथं,” काटेवाले म्हणाले.

आठवा रविवार उजाडला. डॉक्टरांनी दिलेली मुदत मंगळवारी संपत होती. संध्याकाळी दोघं खाली आले. काटेवाले काट्यावर चढले आणि सुईकडे न बघता छताकडे बघत राहिले.

“चौऱ्याऐंशी,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

काटेवाले उतरून स्टुलावर बसले. “मी बिस्किटं खाल्ली. दोन. आणि अर्धं केळं.”

“बरं.”

“बरं काय? तुला राग येत नाही? माझ्यासाठी तू दोन महिने उपाशी राहिलीस. आता पुरे. माझं वजन हलायचं नाही, मी गोळ्या घेतो जन्मभर. पण तू आजपासून जेवायचंस. आरशात बघितलंस का स्वतःला? नुसता सांगाडा उरलाय.”

“काहीतरीच काय!”

“काहीतरीच? ये. उभी राहा. तुलाच दाखवतो. तू कायम पंचेचाळीस. बघू आता चाळीस तरी आहेस का.”

“नको. उगीच कशाला? साडी जड आहे माझी.”

“राहा म्हणतो ना!”

बाई अशा काही काट्यावर चढल्या, जणू काटा चावणार होता. सुई उठली, पंचेचाळीस ओलांडून गेली, पन्नास ओलांडून गेली आणि बावन्नच्या जरा पुढे जाऊन थांबली.

बाईंचा चेहरा उतरला. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. दोन महिने अर्धपोटी राहिलेलं माणूस सात किलोंनी वाढलं होतं. याचे अर्थ दोनच निघत होते. एक म्हणजे बायको खोटं बोलत होती. दुसरा म्हणजे काटा खोटं बोलत होता, तो काटा, जो वीस वर्षं रोज सकाळी काटेवाल्यांनी स्वतःच्या अंगानं तपासला होता, ज्याच्या जिवावर त्यांची बाजारातली पत उभी होती.

काटेवाल्यांना ठरवायला क्षणसुद्धा लागला नाही.

“काटा खोटा आहे,” ते म्हणाले.

“काटा? तुमचा?” बाईंनी विचारलं.

“मग काय तू खोटी? उतर खाली.”

ते कोपऱ्यात गेले, धूळ झटकली आणि लोखंडी वजनं एकेक करून आणायला लागले. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. वर दोन आणि दोन. घामाघूम झाले, पण (हे त्यांना नंतर आठवलं) धडधडलं नाही. चौऱ्याऐंशी किलो लोखंड काट्यावर बसलं आणि सुई एक्क्याण्णवच्याही जरा पुढे गेली (भार जितका मोठा, तितकं काट्याचं खोटं मोठं).

काटेवाले सुईकडे बघत राहिले. मग स्क्रूकडे बघितलं. मग आपल्या पोटाकडे, जिथं पूर्वी पोट असायचं तिथं. रोजची सकाळ, रोजचा तो केसभर फिरवलेला स्क्रू आणि तो गारवा त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत गेला.

“अगं,” ते म्हणाले, “मी रोज खातो कमी, आणि रोज सकाळी येऊन काट्याला सांगतो, की बाबा रे, मी चौऱ्याऐंशी आहे.”

बाई आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. काटेवाल्यांनी लोखंडाशी जुळवून काटा खरा केला, वजनं उतरवली आणि स्वतः वर चढले. सत्त्याहत्तर! सहा उतरवायचे होते, सात उतरले होते. आठवड्यापूर्वीच काम झालं होतं आणि हे दोघं काकडी चावत बसले होते.

मग त्यांना भंगारवाला आठवला. पार्सल ऑफिस आठवलं. गोदामं आठवली. दोन महिन्यांत लावून दिलेले अकरा मोठे काटे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त खोटा. त्यांनी डोक्याला हात लावला. पण लगेच तो काढलाही, कारण त्याहून मोठं काम समोर उभं होतं.

“आधी तू जेव,” ते म्हणाले.

ते धावतच वर गेले (दोन जिने, न थांबता) आणि पावाच्या चार जाड कापांना लोणी फासून, दोन उकडलेली अंडी घेऊन खाली आले. बाईंना स्टुलावर बसवून ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि समोर उकिडवे बसून त्या खाताना बघत राहिले. बाई एकेक घास चाळीसदा चावत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काटेवाल्यांच्याही होतं. बायको पोटभर जेवतेय यापेक्षा जगात अधिक बघण्यासारखं काही नसतं, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं.

“आता चढ,” ते म्हणाले. “खऱ्या काट्यावर. किती वाळलीस ते मला कळलं पाहिजे. तेवढं मी भरून काढणार.”

“राहू दे हो.”

“चढ.”

बाई चढल्या. सुई अठ्ठेचाळीसवर थांबली.

काटेवाल्यांनी सुईकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. मग खाली वाकले आणि स्क्रू ड्रायव्हर स्क्रूला लावला. उभ्या आयुष्यात जाणूनबुजून काटा खोटा करायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

“हात लावू नका,” बाई म्हणाल्या. “काटा बरोबर आहे.”

“कसा बरोबर? पंचेचाळीसची तू, दोन महिने उपाशी...”

“दोन दिवस.”

“काय?”

“दोन दिवस उपाशी होते. तिसऱ्या दिवशी मावशींकडे सुईत दोरा ओवता येईना माझ्या हातानं. त्यांनी बशी पुढे केली. मग रोजच करायला लागल्या. केकसुद्धा असायचा.” बाई काट्यावरून उतरल्याच नाहीत, तिथंच खाली मान घालून उभ्या राहिल्या. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच बेकरीत शिरला असता. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं होतं ना. मला फार भीती वाटली हो. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?”

काटेवाले उठून उभे राहिले. रागवावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण दोन मोडकी बिस्किटं आणि अर्धं केळं एवढ्या भांडवलावर रागवायचं कसं, हा प्रश्न होता.

“मगाशी तुम्ही मला खोटी म्हणाला असतात तर बरं झालं असतं,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “तुम्ही काट्यालाच खोटं म्हणालात.”

“तो होताच की खोटा,” काटेवाले म्हणाले आणि ताटलीत उरलेला पाव उचलून खायला लागले. चाळीस मोजायचं त्यांना भान राहिलं नाही. बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

डॉक्टर खूश झाले. गोळ्या टळल्या. काटेवाल्यांनी बाजारात फिरून अकराही ठिकाणी आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली. लोक रागावले नाहीत. पोट धरून हसले, आणि काटेवाल्यांना त्यापेक्षा राग परवडला असता. आता काटे तपासायचे तर लोखंड आलं, हातगाडी आली. पहिल्या दिवशी बाई मदतीला म्हणून हातगाडीबरोबर चालत गेल्या. भंगारवाल्याकडे चढावर चाक रुतलं आणि वीस किलोंचं एक वजन गडगडत पार खाली गेलं.

“काका, ते आणेपर्यंत बाईंना उभं करा की,” भंगारवाला म्हणाला. “त्यांचं वजन तरी पक्कं माहीत आहे ना?”

बाई उभ्या राहिल्या. सुई अठ्ठेचाळीसवर येईपर्यंत काटेवाल्यांनी स्क्रू फिरवला. मग खाली जाऊन लोखंड आणलं, ताडून बघितलं, तर गुंजभर फरक नव्हता. भंगारवाल्यानं ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारभर केली, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलावणी बाईंच्या नावानं यायला लागली.

आता रोज सकाळी काटेवाले शटर उघडतात, लोखंडानं काटा तपासतात आणि त्यावर बाईंना तोलतात. अठ्ठेचाळीसच्या खाली तोळाभरही जाऊन चालत नाही, त्यामुळे बाई दोन्ही वेळा पोटभर जेवतात. काटेवाल्यांना पुन्हा वाढून चालत नाही, त्यामुळे ते अर्धं जेवतात.

परवा पार्सल ऑफिसात बाई काट्यावर चढल्या, उतरल्या, आणि काम झालं. ऑफिसात नुकत्याच बदलून आलेल्या कारकूनबाईंनी सही केली आणि कोपऱ्यात पाना धरून उभ्या असलेल्या काटेवाल्यांकडे बोट दाखवून सहज विचारलं, “आणि हे कोण, तुमचे मदतनीस का?”

काटेवाल्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी त्यांच्या पोटानंच दिलं, आणि तेही चांगलं मोठ्यानं. बाईंनी पिशवीतून सफरचंद काढलं, कापलं आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. उरलेलं अर्धं त्यांनी स्वतः खाल्लं. धंद्याचा प्रश्न होता.